रूट असूनही ‘परवानगी नाही’?

रास्पबेरी पाय किंवा बीगलबोनसारख्या छोट्या बोर्डावर मोटर, पंप किंवा सेन्सर चालवणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘‘प्रोग्रामला रिअल-टाइम प्राधान्य द्यायला गेलो, तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर आले. सुडो लावला, काम झाले. मग बोर्ड सुरू होताच तोच प्रोग्राम सर्व्हिस म्हणून आपोआप चालावा अशी सोय केली, तर पुन्हा तोच नकार. सर्व्हिस तर रूटच चालवतो! लिनक्समध्ये रूटला अडवणारा आहे तरी कोण?’’

प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो तो नकार देणारे अनेक आणि नकाराचे शब्द मात्र एकच असल्यामुळे. कर्नल फक्त ‘ईपर्म’ या नावाची चूक परत करतो. कोणत्या तपासणीत तुम्ही अडलात, हे सांगत नाही. म्हणून या प्रकरणात त्या तपासण्या एकेक करून पाहू आणि शेवटी शोधाचा क्रम ठरवू.

१. रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे

समजा, एका स्टेपर मोटरला दर मिलिसेकंदाला एक ठोका द्यायचा आहे. ठोका तयार करायला प्रोसेसरला २०० मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे प्रोसेसरचा पाचवा हिस्साच लागतो, बाकीचा वेळ मोकळा. तरीही मोटर अडखळते. कारण प्रोसेसर मोकळा असणे वेगळे आणि हव्या त्या क्षणी मिळणे वेगळे. नेमक्या ठोक्याच्या वेळी बोर्ड मेमरी कार्डावर लॉग लिहिण्यात किंवा वेबपान पाठवण्यात गुंतला असेल, तर ठोका पाच-दहा मिलिसेकंद उशिरा पडतो. सरासरी उत्तम राहते, मोटर मात्र एक पाऊल चुकते.

प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग म्हणजे शेड्यूलर. त्याचे नेहमीचे धोरण समान वाटणीचे असते. २००७ पासून हे काम ‘सीएफएस’ नावाची पद्धत करत होती. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीपासून तिची जागा ‘ईईव्हीडीएफ’ने घेतली. दोन्हींचा हेतू एकच : कोणी उपाशी राहू नये. ‘नाइस’चा आकडा बदलून वाटा कमी-जास्त करता येतो, पण ‘आत्ता, या क्षणी’ अशी हमी त्यातून मिळत नाही.

ती हमी हवी, तर धोरणच बदलावे लागते. एखाद्या मोठ्या देवस्थानातली दर्शनाची रांग आठवा. साधी रांग थोडी थोडी पुढे सरकते. पासवाला आला की ती थांबते आणि तो थेट आत जातो. लिनक्समध्ये या पासांना १ ते ९९ असे क्रमांक असतात. ६० क्रमांकाचा पास ५० वाल्याला बाजूला सारतो. ‘फिफो’ धोरणात आत गेलेला स्वतःहून बाहेर येईपर्यंत, किंवा त्याहून वरचा पास येईपर्यंत, आतच राहतो. ‘आरआर’ धोरणात समान क्रमांकाचे पासवाले आळीपाळीने जातात; प्रत्येक पाळी मुळात १०० मिलिसेकंदांची.

अशा पासांवर व्यवस्थापनाला तीन नियम करावेच लागतात. पास काढण्याचा अधिकार कोणाला? कितव्या क्रमांकापर्यंतचा? आणि या दारातून पासवाल्यांसाठी एकूण वेळ किती राखायचा? लिनक्समधल्या तीन मुख्य तपासण्या नेमक्या याच आहेत : अधिकार, मर्यादा आणि कोटा.

इतकी कडक व्यवस्था कशासाठी, हेही समजून घेऊ. एका कोअरच्या बोर्डावर फिफो धोरणात चालणारा प्रोग्राम चुकून न संपणाऱ्या लूपमध्ये अडकला, तर त्याला बंद करायला तुम्ही टाइप केलेली कमांडसुद्धा साध्या रांगेत ताटकळते. एसएसएच गप्प, कीबोर्ड गप्प. म्हणून कर्नल हे प्राधान्य मागेल त्याला देत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हा रिअल-टाइम कर्नल बसवला की परवानगीची अडचण सुटेल, असे अनेकांना वाटते. दोन दशके वेगळ्या पॅचच्या रूपात वाढलेले हे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये निवडता येते. त्यामुळे उशीर कमी होतो हे खरे. पण फिफो आणि आरआर ही धोरणे साध्या कर्नलमध्येही आहेतच, आणि परवानगीचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. कर्नल बदलून नकार जाणार नाही.

२. आधी नकार नीट वाचा

रिअल-टाइम प्राधान्य मिळाले नाही, म्हणजे परवानगीच नाकारली असे नाही. पुढील चार प्रकार वेगळे ओळखा.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ : ही खरी परवानगीची अडचण. हे प्रकरण मुख्यतः हिच्याबद्दल आहे.

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ : मागणीच चुकीची. फिफोसाठी ० क्रमांक मागितला, किंवा साध्या धोरणाला ५० क्रमांक जोडला, तर हे उत्तर येते. इथे परवानग्या ढवळण्यात अर्थ नाही. आकडा दुरुस्त करा.

‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ : हे उत्तर आले, तर तुमचा बोर्ड कोणती सी लायब्ररी वापरतो ते पाहा. अल्पाइन आणि ओपनडब्ल्यूआरटी या लहान सिस्टिम ‘मसल’ ही लायब्ररी वापरतात. तिच्यात संपूर्ण प्रोसेसचे धोरण बदलणारे ‘शेड-सेट-शेड्यूलर’ हे फंक्शन जाणूनबुजून रिकामे ठेवले आहे, कारण लिनक्समध्ये तो कॉल प्रत्यक्षात एकाच थ्रेडवर परिणाम करतो. तिथे थ्रेडसाठीचे ‘पीथ्रेड-सेट-शेड-पॅराम’ वापरायचे.

चौथा प्रकार सर्वांत फसवा : चूक येतच नाही आणि प्राधान्यही मिळत नाही. नवा थ्रेड बनवताना तुम्ही ‘फिफो, ६०’ असे लिहिता, पण वारसा चालवण्याची मूळ सोय तशीच ठेवता. मग नवा थ्रेड तुमची चिठ्ठी न वाचता जन्मदात्या थ्रेडचे साधे धोरण उचलतो. ‘इनहेरिट-शेड’ ही सोय ‘एक्सप्लिसिट’ केली, तरच चिठ्ठी वाचली जाते. गंमत म्हणजे ही दुरुस्ती केल्यावर अनेकांना पहिल्यांदाच ‘परवानगी नाही’ दिसते. कारण खरी मागणी आत्ता कुठे कर्नलपर्यंत पोहोचलेली असते. शिवाय पीथ्रेडची फंक्शने चुकीचा आकडा थेट परत करतात, ‘एरनो’मध्ये ठेवत नाहीत. परत आलेला आकडा न तपासणारा प्रोग्राम नकार गिळून टाकतो.

म्हणून प्रोग्रामच्या बोलण्यावर विसंबू नका. ‘पीएस’ कमांडला थ्रेडवार यादी मागा आणि ‘सीएलएस’ व ‘आरटीप्रायो’ हे दोन स्तंभ दाखवायला सांगा. ‘टीएस’ म्हणजे साधी रांग, ‘एफएफ’ म्हणजे फिफो, ‘आरआर’ म्हणजे आरआर. नकार कोणत्या कॉलला आला हे पाहायचे, तर ‘एसट्रेस’ हे हत्यार लावा.

३. पहिली तपासणी : अधिकार

‘रूट म्हणजे सर्वाधिकारी’ ही समजूत १९९९ मध्ये आलेल्या लिनक्स २.२ पासूनच अपुरी आहे. त्या आवृत्तीत रूटची सत्ता वेगवेगळ्या अधिकारांत वाटली गेली. त्यांना ‘केपेबिलिटी’ म्हणतात. रिअल-टाइम प्राधान्याचा अधिकार म्हणजे ‘कॅप-सिस-नाइस’, क्रमांक २३. तो हाती असेल तर पुढची मर्यादेची तपासणी लागतच नाही. आणि तो काढून घेतलेला असेल, तर नावाने रूट असूनही हा अधिकार तुमच्याकडे नसतो.

चालू प्रोसेसकडे तो आहे का, हे पाहणे सोपे आहे. ‘/प्रोक’ मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. तिच्यातली ‘कॅप-एफ’ ही ओळ वाचा. समोर सोळा अंकी हेक्साडेसिमल आकडा दिसेल. उजवीकडून सहावा अंक पाहा. तो ८, ९ किंवा ए ते एफ यांपैकी काही असेल, तर अधिकार आहे. ० ते ७ असेल, तर नाही.

उदाहरण घेऊ. डॉकरच्या साध्या कंटेनरमध्ये रूट म्हणून शिरलात, तर या आकड्याचा शेवट सहसा ‘ए ८ ० ४ २ ५ एफ बी’ असा असतो. उजवीकडून मोजा : बी, एफ, ५, २, ४, ०. सहावा अंक शून्य. म्हणजे कंटेनरमधल्या रूटकडे हा अधिकार नाही. कंटेनर सुरू करताना ‘सिस-नाइस’ हा अधिकार वेगळा जोडावा लागतो.

साध्या वापरकर्त्याला रूट न करताही हा अधिकार देता येतो. ‘सेटकॅप’ कमांडने तो थेट प्रोग्रामच्या फाइलवर चिकटवता येतो. पण त्याचे चार खाचखळगे लक्षात ठेवा. नवी आवृत्ती कंपाइल करून जुन्या फाइलच्या जागी ठेवली की चिकटवलेला अधिकार जातो. काल चालणारा प्रोग्राम आज अडतो, त्यामागे बहुधा हेच असते. फाइल ‘नोसुइड’ सोयीने माउंट केलेल्या विभागात असेल, तर अधिकार चिकटलेला दिसतो पण लागू होत नाही. अधिकार मिळालेला प्रोग्राम सुरक्षिततेसाठी ‘एलडी-लायब्ररी-पाथ’कडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे अचानक लायब्ररी सापडेनाशी होते. आणि पायथनच्या स्क्रिप्टला अधिकार देता येत नाही. तो पायथनच्या इंटरप्रिटरला द्यावा लागतो. मग बोर्डावरच्या प्रत्येक पायथन स्क्रिप्टला तो मिळतो. असे करू नका.

४. दुसरी तपासणी : मर्यादा

२००५ पर्यंत अधिकार हा एकच मार्ग होता. त्या वर्षीच्या २.६.१२ आवृत्तीत साध्या वापरकर्त्यांसाठी दुसरा मार्ग आला : ‘आरटीप्रायो’ ही मर्यादा. ज्याची मर्यादा ६० आहे, तो ६० पर्यंतचा कोणताही क्रमांक स्वतः घेऊ शकतो. ६१ मागितला की नकार. मर्यादा ० असेल, आणि मुळात ती ०च असते, तर रिअल-टाइम धोरणच मिळत नाही.

मर्यादा पाहायची जागा म्हणजे त्याच ‘/प्रोक’ फोल्डरातली ‘लिमिट्स’ फाइल. तिथे ‘मॅक्स रिअलटाइम प्रायॉरिटी’ या ओळीत दोन आकडे असतात, आधी सॉफ्ट मर्यादा आणि मग हार्ड. तपासणी सॉफ्ट मर्यादेवर होते. हार्ड ६० आणि सॉफ्ट ० असेल, तरी उत्तर नकारच.

मर्यादा वाढवण्याची नेहमीची जागा म्हणजे ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ ही फाइल. इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो, कारण ही फाइल कर्नल वाचत नाही. ती वाचते लॉगिनच्या वेळी चालणारी ‘पॅम’ ही व्यवस्था. यातून चार गोष्टी निघतात. फाइल बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते. आधीपासून उघड्या टर्मिनलला जुनीच मर्यादा राहते. बूटच्या वेळी सुरू होणारी सर्व्हिस लॉगिन करत नाही, म्हणून तिला ही फाइल लागू होत नाही. आणि बिझीबॉक्स व ड्रॉपबेअर यांच्यावर उभ्या असलेल्या लहान सिस्टिममध्ये बहुधा पॅम बसवलेलेच नसते. तिथे ही फाइल तयार केली तरी तिला वाचक नाही. अशा ठिकाणी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये रूट असतानाच मर्यादा वाढवावी आणि मग प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या नावे सुरू करावा. मर्यादा वारशाने पुढे जाते.

एक अपवाद. २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत आलेल्या ‘डेडलाइन’ धोरणाला ही मर्यादा चालत नाही. त्याला कॅप-सिस-नाइस हा अधिकारच लागतो.

५. सर्व्हिस : दोन्ही तपासण्यांची कळ जिच्या हाती

बऱ्याच बोर्डांवर सर्व्हिस सुरू करण्याचे काम ‘सिस्टिमडी’ करते. प्रोग्राम सुरू होण्याआधीच ती त्याचे अधिकार आणि मर्यादा ठरवून टाकते. म्हणून टर्मिनलवर चालणारे सर्व्हिसमध्ये अडते तेव्हा आधी सर्व्हिसची फाइल उघडा.

‘लिमिट-आरटीप्रायो’ची ओळ नसेल, तर साध्या वापरकर्त्याच्या नावे चालणाऱ्या सर्व्हिसची मर्यादा ० आहे असे समजा. ‘केपेबिलिटी-बाउंडिंग-सेट’ची ओळ असेल आणि तिच्यात कॅप-सिस-नाइस नसेल, तर रूटच्या सर्व्हिसकडूनही अधिकार काढून घेतलेला आहे. आणि ‘रिस्ट्रिक्ट-रिअलटाइम’ ‘येस’ असेल, तर अधिकार आणि मर्यादा दोन्ही जागेवर असूनही रिअल-टाइमची मागणी वाटेतच अडवली जाते. सर्व्हिस सुरक्षित करण्याचे तयार नमुने उतरवून घेताना ही ओळ नकळत सोबत येते.

उलट बाजूने, सिस्टिमडी तुमचे काम हलकेही करते. ‘सीपीयू-शेड्यूलिंग-पॉलिसी’ला फिफो आणि ‘सीपीयू-शेड्यूलिंग-प्रायॉरिटी’ला ६० लिहिले, तर ती स्वतःच प्राधान्य देऊन मग प्रोग्राम सुरू करते. प्रोग्रामला कसलाही अधिकार लागत नाही. हे जमले नाही, तर सर्व्हिस २१४ हा निर्गमन-क्रमांक देऊन पडते. लॉगमध्ये तो दिसला की दोष प्रोग्रामचा नाही, प्राधान्य देण्याच्या पायरीचा आहे. मात्र या मार्गाने सगळा प्रोग्राम फिफोत जातो, लॉग लिहिणारा थ्रेडसुद्धा. एकाच थ्रेडला प्राधान्य हवे असेल, तर मर्यादा देऊन बाकीचे प्रोग्रामवर सोडणे बरे.

६. तिसरी तपासणी : कोटा

आता मूळ प्रश्नाचे सर्वांत अवघड उत्तर. ‘कॅप-एफ’ भरलेले, मर्यादा ९९, सर्व्हिसच्या फाइलमध्ये आडकाठी नाही; तरीही रूटला नकार. अशा वेळी कर्नल बांधताना ‘आरटी-ग्रुप-शेड’ हा पर्याय चालू ठेवला होता का, ते पाहा. ‘/प्रोक’ मधल्या ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ फाइलमध्ये ते कळते. ती फाइल नसेल, तर कर्नल बांधणाऱ्याला विचारा. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलेल्या कर्नलमध्ये हा पर्याय अधूनमधून चालू सापडतो.

तो चालू असेल, तर प्रोसेसच्या प्रत्येक गटाला, म्हणजे सी-ग्रुपला, रिअल-टाइम वेळेचा वेगळा कोटा लागतो. सगळ्यांत वरच्या गटाला दर सेकंदातले ९,५०,००० मायक्रोसेकंद मिळालेले असतात. पण त्याखाली नवा गट तयार झाला की त्याचा कोटा असतो शून्य. शून्य कोट्याच्या गटात रिअल-टाइम धोरण मागणाऱ्याला कर्नल ‘परवानगी नाही’ म्हणतो आणि इथे तो अधिकार विचारातच घेत नाही. विश्वस्ताची चिठ्ठी असली, तरी ज्या दारातून पासवाल्यांना सोडायचेच नाही, तिथून तो जाणार कसा?

टर्मिनलवर चालते, सर्व्हिसमध्ये अडते, याचा उलगडा इथे होतो. टर्मिनलवरची प्रोसेस वरच्या गटात राहू शकते. सर्व्हिसला सिस्टिमडी, कंटेनरला डॉकर, स्वतंत्र गटात टाकते. प्रोसेस कोणत्या गटात आहे हे तिच्या ‘/प्रोक’ फोल्डरातल्या ‘सीग्रुप’ फाइलमध्ये लिहिलेले असते.

सी-ग्रुपच्या दोन पद्धतींपैकी पहिल्या पद्धतीत त्या गटाच्या ‘आरटी-रनटाइम’ फाइलमध्ये कोटा लिहून अडचण सुटते. वाटप वरून खाली करायचे. आधी सर्व्हिसच्या गटाच्या लगेच वरच्या गटाला, समजा, ५,००,००० द्या. मग त्यातून तुमच्या सर्व्हिसच्या गटाला ३,००,०००. क्रम उलटा केला, तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे उत्तर येते, कारण आईबापाच्या खात्यात शून्य असताना मुलाला तीन लाख कुठून देणार? आपल्या मोटरला सेकंदातले २,००,००० पुरतात. ३,००,००० मध्ये सवडही राहते.

दुसऱ्या पद्धतीत अशी फाइलच नाही. तिथे खरा उपाय म्हणजे कर्नलमध्ये हा पर्याय बंद करून तो पुन्हा बांधणे. सिस्टिमडीच्या सोबतच्या माहितीपत्रकातही तो बंद ठेवण्याचीच शिफारस आहे.

७. उणे एकचा मोह

कोट्याच्या अडचणीवर एक झटपट उपाय सांगितला जातो : ‘शेड-आरटी-रनटाइम’ या कर्नलच्या आकड्यात ९,५०,००० च्या जागी -१ लिहा. उपाय चालतो. कोट्याची तपासणीच बंद होते आणि नकार जातो.

पण हाच आकडा बहुतेक बोर्डांवरच्या कर्नलमध्ये दुसरेही काम करतो. रिअल-टाइम कामांनी सेकंदातले ९५० मिलिसेकंद खाल्ले, की उरलेले ५० तो साध्या रांगेसाठी राखतो. लूपमध्ये अडकलेल्या प्रोग्रामला बंद करायला तुम्हाला जो श्वास मिळतो, तो या ५० मिलिसेकंदांचा. -१ लिहिले की तो जातो. ही राखण लागू झाली, तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड’ अशी ओळ येते. ती ओळ दिसली तर राखण काढू नका, प्रोग्राम तपासा. दर मिलिसेकंदाला २०० मायक्रोसेकंद लागणारे काम ९५ टक्के प्रोसेसर खात असेल, तर प्रोग्राम कुठेतरी न झोपता वाट पाहतो आहे.

-१ चा उपयोग निदानापुरता करा. लिहिल्यावर नकार गेला, तर दोष कोट्यात आहे हे सिद्ध झाले. लगेच जुना आकडा परत लिहा आणि कोट्याची रीतसर सोय करा.

८. शोधाचा क्रम

आता सगळे एकत्र बांधू. प्रोग्राम ज्या स्थितीत अडतो, त्याच स्थितीत तपासा. सर्व्हिस अडत असेल तर टर्मिनलवरची तपासणी निरुपयोगी.

पहिले, चूक नेमकी ‘ईपर्म’च आहे ना, याची खात्री करा.

दुसरे, ‘स्टेटस’ फाइलमधल्या ‘कॅप-एफ’चा उजवीकडून सहावा अंक पाहा.

तिसरे, अधिकार नसेल, तर ‘लिमिट्स’मधली सॉफ्ट मर्यादा मागितलेल्या क्रमांकापेक्षा कमी आहे का, ते पाहा.

चौथे, सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘रिस्ट्रिक्ट-रिअलटाइम’ शोधा.

पाचवे, अधिकार किंवा मर्यादा ठीक असूनही नकार असेल, तर ‘सीग्रुप’ फाइल आणि कर्नलचा आरटी-ग्रुप-शेड पर्याय तपासा.

प्रत्येक पायरीवर एकच बदल करा आणि पुन्हा चालवून बघा. पाच बदल एकदम केले, तर नकार जाईल, पण कशाने गेला हे कळणार नाही. आणि बोर्डाची पुढची आवृत्ती आली की शोध पुन्हा पहिल्यापासून.

क्रमांक मागतानाही हात आखडता ठेवा. ९९ वर कर्नलचे स्वतःचे काही थ्रेड चालतात, आणि प्रीएम्प्ट-आरटी कर्नलमध्ये हार्डवेअरचे इंटरप्ट हाताळणारे थ्रेड मुळात ५० वर असतात. मोटरचा प्रोग्राम ज्या टायमरची किंवा पोर्टची वाट पाहतो, त्याचाच इंटरप्ट त्याने मागे सारला, तर प्राधान्य वाढूनही काम रखडते.

सगळे रूटने चालवा, उणे एक लिहा, ९९ मागा : या तीन सल्ल्यांनी नकार बहुधा जातो, पण त्यानंतरच्या पहिल्याच बिघाडात बोर्ड वीज तोडल्याशिवाय हाती लागत नाही. ज्या थ्रेडला गरज आहे त्यालाच, लागेल तेवढाच क्रमांक आणि लागेल तेवढाच कोटा द्या. कारखान्यात वर्षानुवर्षे कोणी न बघता चालणाऱ्या यंत्रासाठी हीच परवानगी योग्य.